पिवळ्या तळ्यावरची शर्त

सौदीत हुफूफला आमच्या वरच्या मजल्यावर खतीजाभाभी राहते. जिन्यात तिचा आवाज आधी येतो, ती मागून येते. मी मूळची कराडची. आमच्याकडे एवढ्या मोठ्याने कुणी बोललं तर भांडण लागलंय समजून लोक गोळा होतात. ती हर्णैची. समुद्राच्या वाऱ्यात बोलणं ऐकू जायचं तर घसा ताणावाच लागतो, असं तिचं म्हणणं. हुफूफला समुद्र नाही, हे तिला इतक्या वर्षांत कुणी पटवू शकलेलं नाही.

बाई बी.ए. झालेली, लग्नाआधी गावातल्या बालवाडीत शिकवलेली. इमारतीतल्या कुठल्याही पोराने भोकाड पसरलं की कसं कोण जाणे ते तिच्याकडे पोचतं आणि गप्प होतं. माझा मुलगा आता पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो, पण लहानपणी तोही माझ्याकडे रडायचा आणि तिच्याकडे हसायचा. याचा मला तेव्हा राग यायचा. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो.

तिचे यजमान हुसेनमियाँ खजुराच्या एका मोठ्या गोदामात वाहतुकीचं बघतात. माणूस सोन्यासारखा, पण गाडीच्या बाबतीत नाकाने कांदे सोलणारा. त्यांच्याकडे एक जुनी उंच गाडी आहे. इथे अशा कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात. हुफूफमधल्या रत्नागिरी-रायगडकडच्या कुणालाही विमानतळावर जायचं असो, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, नवीन आलेल्या पोराला इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कामासाठी फिरवायचं असो, फोन हुसेनमियाँना जातो. रात्री-अपरात्री उठून ते जातात आणि कधी कुरकुर करत नाहीत. ती जीप ही त्यांची गादी होती म्हणा ना. गादीवर दुसऱ्या कुणाला बसवायला कोण तयार होतं?

बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळून इथे आता काही वर्षं झाली. खतीजाभाभीने मागच्या उन्हाळ्यात बायकांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच परीक्षेत पास होऊन लायसन्स घेऊन आली. हुसेनमियाँनी पेढे वाटले. लायसन्सचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. आणि जीपची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. शुक्रवारी सकाळी रस्ते ओस पडलेले असताना तिला बाजूच्या गल्लीतून एक फेरी मारू द्यायचे, तीही "ब्रेक, ब्रेक" असं ओरडत. ते ऐकून आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

मग डिसेंबरात मुबर्रझमधल्या एका खासगी बालवाडीने तिला बोलावलं. मुलाखत झाली, तिथल्या मुख्य बाईंना ती आवडली, इकाम्याचं आणि परवान्याचं काय ते शाळा बघणार होती. एकच अडचण. बालवाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला, शिक्षिकांसाठी बस नाही, आणि रोज टॅक्सी केली तर पगार टॅक्सीवाल्यालाच द्यायचा. जीप मिळाली तर नोकरी, नाहीतर नाही, इतका सरळ हिशोब होता. हुसेनमियाँच्या गोदामाची गाडी त्यांना दारातून उचलायला तयार होती, म्हणजे जीप दिवसभर इमारतीखाली धूळ खात उभी राहणार. तरी ते हो म्हणेनात. बालवाडीने रविवारपर्यंत, म्हणजे इथला आठवडा सुरू होईपर्यंत, उत्तर मागितलं होतं; हो असेल तर त्याच दिवशी हजर व्हायचं.

त्या आठवड्यात वर काय चाललं होतं ते मला छतातून कळत होतं. शेवटी बुधवारी भाभी खाली आली, माझ्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली की शर्त लागली आहे. शुक्रवारी-शनिवारी पिवळ्या तळ्यावर तंबू टाकायचा. जाताना-येताना जीप तिने चालवायची, डांबरी रस्ता संपल्यावरसुद्धा. हुसेनमियाँनी एकदाही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हात लावायची वेळ आली नाही तर रविवारपासून किल्ली तिची. आली, तर विषय खलास, पुन्हा काढायचा नाही. मी म्हटलं, भाभी, बालवाडीला जायला वाळवंटात गाडी चालवता यावी लागते का? ती म्हणाली, "नाय लागत. पण त्यांना 'नाय' म्हणायला कायतरी हवं होतं, ते त्यांनी शोधलं. आता ते पण काढून घेते."

माझ्या नवऱ्याची, विश्वनाथची, शनिवारपर्यंत प्लांटवर ड्यूटी होती, त्यामुळे मी मोकळीच होते. साक्षीदार म्हणून मला नेमण्यात आलं. चौथी इफरा, त्यांची मुलगी, अकरावीतली. आईबाप मराठीत भांडतात आणि ही इंग्रजीत कंटाळते.

हिवाळ्यात इथे सगळं गाव बाहेर पडतं. तंबू, सतरंज्या, लाकडं, कॉफीची किटली गाडीत टाकायची आणि वाळूत जाऊन बसायचं. याला हे लोक कश्ता म्हणतात. पिवळं तळं हुफूफच्या पूर्वेला. खजुराच्या बागांचं निचऱ्याचं पाणी वाहत जाऊन वाळवंटात साठतं, त्याचं झालेलं तळं. भोवती लव्हाळी, थंडीत आलेले पक्षी आणि पलीकडे वाळूच्या टेकड्या. शुक्रवारच्या नमाजनंतर आम्ही निघालो तेव्हा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर मसाला लावलेल्या सुरमईचा डबा होता आणि पायाशी तांदळाच्या पिठाची पिशवी. तळं असो की वाळवंट, भाकरी भाजल्याशिवाय कोकणातली माणसं त्याला सहल म्हणत नाहीत.

डांबरी रस्त्यावर भाभीने गाडी झकास चालवली. बागांमधल्या अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक आला तरी डगमगली नाही. बाजूच्या सीटवर हुसेनमियाँ दोन्ही हात काखेत घालून बसले होते, कारण शर्त हातांची होती. तोंडाची नव्हती. डावीकडे घे, हळू, खड्डा आहे, त्याला जाऊ दे. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं, आणि तेही उंटांच्या देशात. भाभी एकाही सूचनेला उत्तर देत नव्हती. तिला गप्प बसलेली मी प्रथमच पाहत होते.

डांबर संपलं तिथे तिने गाडी थांबवली, खाली उतरली आणि चारही टायरमधली हवा थोडी थोडी कमी केली. वाळूत जाताना असं करतात. हुसेनमियाँनी चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले आणि काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होतं. मग कोरड्या वाळूच्या वाटा लागल्या. गाडी डोलत, घसरत, पण न अडता टेकड्या ओलांडून गेली आणि समोर एकदम पाणी दिसलं. इफराने कानातून इअरफोन काढले. जिंकलीच आता, असं मला वाटलं.

पाण्यापर्यंत दोन वाटा होत्या. एक टेकडीच्या पायथ्याशी, मऊ भुसभुशीत वाळूतून, टायरांच्या जुन्या खुणा असलेली. दुसरी सरळ पाण्याच्या कडेने. तिथली जमीन सपाट, ओलसर, तांबूस आणि घट्ट दिसत होती. आता हर्णै-मुरूडचा कुठलाही माणूस घ्या. भरती ओसरली की समुद्रकाठच्या ओल्या पुळणीवर बैलगाड्या, टेम्पो, मोटारी सगळं पळतं आणि वरच्या कोरड्या वाळूत सायकलसुद्धा रुतते, हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत असतं. हुसेनमियाँच्या वडिलांचा मासळीचा टेम्पो जन्मभर त्याच पुळणीवरून धावला. भाभी त्याच पुळणीवर सायकल शिकली. ते म्हणाले, "पाण्याच्या कडेने घे, तिथं घट्ट हाय." दिवसभरात तिने ऐकलेली ही त्यांची पहिली सूचना. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने स्टिअरिंग तिकडे वळवलेलं होतं.

पन्नासेक पावलं गेलो असू. पापड मोडावा तसा आवाज झाला, पुढची चाकं खाली गेली आणि गाडीचं तोंड जमिनीला टेकलं. वर मिठाचा पातळ थर आणि खाली काळा चिखल. पळसाला पानं तीनच म्हणतात. वाळूचं तसं नसतं, हे आम्हाला तिथे कळलं.

मग हुसेनमियाँनी काखेतून हात बाहेर काढले आणि शांतपणे म्हणाले, "उतर. मी काढतो."

इथे मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं की ती उतरणार. मी असते तर उतरले असते, आणि वर म्हटलं असतं की तुम्हीच तर सांगितलंत इकडे घे म्हणून. चार दिवस तेच ऐकवलं असतं. नोकरी गेली असती, पण भांडण मी जिंकलं असतं. माझ्याकडे लायसन्स नाही त्याला हीच कारणं असावीत.

भाभी उतरली, पण इंजिन बंद करून, किल्ली मुठीत घेऊन. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग आम्हाला कामाला लावलं. इफराला लव्हाळी तोडायला पाठवलं, मला भाकरीच्या परातीने चाकांभोवतीचा चिखल काढायला सांगितलं. तासभर आम्ही खपलो. चाकांखाली लव्हाळी घातली, सतरंजी घातली, शेवटी माझी चांगली शालसुद्धा घातली. तिने हळूच गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला आणि ती आणखी वीतभर खाली गेली. हुसेनमियाँ प्रत्येक वेळी दाराशी येत, "ऐक माजा, मला बसू दे" म्हणत, आणि ती काचेतून मान हलवून नकार देत होती. शेवटी ते चिडले. रात्रभर इथेच बसायचंय का, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली की नाही, मदत आणते. ओढणी नीट केली, चपला हातात घेतल्या आणि दूर दिसणाऱ्या एका तंबूकडे चालू लागली. मी तिच्यामागे धावले.

वाटेत मी तिला म्हटलं की भाभी, ही तुझी चूक नव्हे, त्यांनीच तिकडे घ्यायला सांगितलं, मी माझ्या कानांनी ऐकलंय, मी सांगते त्यांना. साक्षीदार म्हणून माझं कामच होतं ते. ती थांबली. चेहरा चिखलाने माखलेला, पण डोळे अगदी शांत. "ते बोलले नसते तरी मी तिथंच नेली असती, पद्मिनी," ती म्हणाली. "आमी दोगा एकाच बंदराची माणसं. त्यांच्यावर ढकलून मला गाडी मिळायची नाय." मला तिचा रागच आला. इतका चांगला बचाव हातात असून वापरायचा नाही म्हणजे काय?

तंबूत एक म्हातारेसे सौदी गृहस्थ आपल्या मुला-नातवंडांबरोबर बसले होते. नाव जाफर. त्यांची खजुराची बाग होती. भाभीने आपल्या मोडक्या-तोडक्या, पण खणखणीत अरबीत गाडी रुतल्याचं सांगितलं. त्यांनी आधी आम्हाला कॉफी प्यायला लावली, त्याशिवाय ते उठेचनात. मग पिकअपमध्ये जाड पट्टा टाकून, टेकडीच्या पायथ्याच्या मऊ वाटेने आम्हाला घेऊन आले. ज्या वाटेला आम्ही घाबरलो होतो त्या वाटेने त्यांची पिकअप आरामात गेली.

गाडीची अवस्था पाहून ते मिशीत हसले. गाडीपाशी हुसेनमियाँ, आम्ही दोघी आणि इफरा. साहजिकच त्यांनी हुसेनमियाँकडे वळून विचारलं की इथे गाडी कुणी घातली, चालवत कोण होतं?

हुसेनमियाँ म्हणाले, "अना." मी.

आता हे त्यांनी का म्हटलं, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. बायकोचं परक्या माणसासमोर हसं होऊ नये, म्हणून स्वतःवर घेतलं असेल. तसंच असणार, कारण माणूस तसाच आहे. पण त्याबरोबर गाडीही त्यांनी आपल्याकडे घेतली होती. एका शब्दात ड्रायव्हर ते झाले आणि ती पुन्हा बाजूच्या सीटवर गेली.

"ला," भाभी म्हणाली. नाही. एवढ्या मोठ्याने, की लव्हाळ्यातले पक्षी उडाले. "मी चालवत होते. मीच रुतवली." हे तिने अरबीत सांगितलं आणि मग नवऱ्याकडे बघून मराठीत पुन्हा सांगितलं, जणू ते तिथे नव्हतेच. हुसेनमियाँचा चेहरा उतरला. इफरा जमिनीकडे बघत होती आणि मला कुठे बघावं कळेना.

जाफरना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. ते म्हणाले की या तळ्यात माझी स्वतःची गाडी दोनदा रुतली आहे, एकदा तर थोरल्या मुलाच्या लग्नाच्या आठवड्यात. पाण्याच्या जवळची जमीन इथे फसवी, कोरडी वाळू खरी. मग पट्टा अडकवता अडकवता सहज म्हणाले की जिने गाडी आत घातली तिला चाकं कशी वळली आहेत ते माहीत असेल, तीच बसू दे. यल्ला, चला.

ती बसली. जाफरनी पिकअप ओढायला सुरुवात केली, त्यांचा मुलगा हाताने खुणा करत होता, आणि ती खुणेबरहुकूम स्टिअरिंग सरळ ठेवून, घाई न करता, किंचित किंचित गॅस देत होती. मी आणि इफरा पुढून ढकलत होतो. हुसेनमियाँही ढकलत होते, माझ्या बाजूला, चिखलात गुडघ्यापर्यंत. दोन्ही हात बॉनेटवर. गाडीने एकदा हिसका दिला, दोनदा दिला आणि एकदम मागे सरकत कोरड्या वाळूवर आली. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या शालीचं काय झालं ते विचारू नका.

मग संध्याकाळ छान गेली. जाफर आपल्या माणसांसह आमच्याकडे आले, सुरमई आणि भाकरी खाल्ली, आणि हुसेनमियाँनी त्यांना हर्णैची पुळण समजावून सांगितली. भरतीचं पाणी कुठवर येतं, टेम्पो कुठून जायचा, सगळं वाळूवर रेघा ओढून. समुद्राच्या ओल्या वाळूवर गाडी पळते हे जाफरना काही केल्या खरं वाटेना. मधे मधे भाभीही बोलत होती, आणि त्या एका विषयात नवरा-बायकोचं पूर्ण एकमत होतं. पण पाहुणे गेल्यावर हुसेनमियाँ शेकोटीपाशी बसून राहिले.

शेवटी बोलले. रुतली ती रुतलीच, म्हणाले. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं की हुसेनभाई, शर्त रुतण्याची नव्हती, हात लावण्याची होती, आणि तुमचे हात फक्त बॉनेटला लागले, मी बघितलंय. ते काही बोलणार तेवढ्यात भाभी म्हणाली, "पद्मिनी, राहू दे. शर्तीचं मी बोलतच नाय." मग त्यांच्याकडे वळली. आवाज पहिल्यांदाच इतका हळू होता की मला पुढे सरकावं लागलं. "तुमी 'मी' कशाला बोललात?"

"तो हसला असता तुला."

"हसू दे ना. तुमी नवीन होतात तेवा गोदामाच्या फाटकावर ट्रक घातलात. सगळे हसले. तुमच्याकडून किल्ली कोणी घेतली काय?" तिने ओढणीवरचा वाळका चिखल झटकला. "मला चुकायला पण गाडी हवी. घरात बसून माजी काय चूक होणार?"

हुसेनमियाँनी लाकूड सरकवलं. इफरा तंबूच्या तोंडाशी फोन घेऊन पडली होती. ती उठली, येऊन आईच्या पाठीला पाठ लावून बसली आणि काही न बोलता आपली शाल तिच्या गुडघ्यांवर टाकली. मला रडू आलं. धुराने आलं असं मी म्हटलं, पण धूर दुसरीकडे जात होता.

शनिवारी दुपारी निघालो. भाभी चालवत होती. कोरड्या वाळूतून, टेकडीच्या पायथ्याने, मग खजुराच्या बागा, मग डांबरी रस्ता. हुसेनमियाँ बाजूला बसले होते. ब्रेक म्हणाले नाहीत, हळू म्हणाले नाहीत, खड्डा आला तरी म्हणाले नाहीत. त्यांच्या त्या गप्प बसण्याने मला धडकी भरली होती. उद्या रविवार, आणि हा माणूस हो की नाही ते सांगत नव्हता. भाभी विचारत नव्हती. तिने विचारावं म्हणून मी मागून तिच्या सीटला दोनदा गुडघा लावला, तर तिने आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी गुडघा काढून घेतला.

शहरात शिरलो. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. हुसेनमियाँ समोर बघत होते. घसा खाकरून म्हणाले, "उद्या गोदामाची गाडी नको म्हणून सांगतो मी. जाताना मला सोड आणि मंग जा तुज्या बालवाडीत."

सिग्नल हिरवा झाला, तिने गाडी अलगद पुढे काढली, शेजारून घुसणाऱ्या एका टॅक्सीला आधी जाऊ दिलं. मग नेहमीच्या, जिनाभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "सोडीन. पण वेळेवर खाली या. माजी पोरं वाट बगत असतील."